एका टाचणीतले कागद

उरण-पनवेल पट्ट्यात जुनं घर पाडून इमारत बांधायचं ठरलं की आधी माळा रिकामा होतो. तांब्या-पितळेची भांडी भावाभावांत वाटली जातात, पाळणा कुणीतरी मागून नेतं आणि कागद रद्दीत जातात. ज्या घरातला कर्ता माणूस पक्षाचा तालुक्यातला कार्यकर्ता होता, त्या घरात तर कागदांचीच अडचण सगळ्यात मोठी. पत्रकं, पावतीपुस्तकं, मतदारयाद्या, निवेदनांच्या पोच, कोर्टाच्या नकला, पोस्टकार्डं. पन्नास वर्षांचं राजकारण किलोच्या भावानं उचललं जातं आणि त्याबद्दल कुणाला विशेष वाईटही वाटत नाही.

अशाच एका घरातले कागद लावायचं काम एका बाईकडे आलं. तिचं शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं, नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. जुनी खाजगी दप्तरं साफ करून, क्रम लावून त्यांची यादी करायची, हे काम ती सुट्ट्यांमध्ये करते. घर शेतकरी कामगार पक्षाच्या एका कार्यकर्त्याचं. घरात त्यांना तात्या म्हणत, इथेही तेवढंच नाव पुरे. तात्या कधी आमदार झाले नाहीत, जिल्हा परिषदेतही गेले नाहीत. सभा लावणं, वर्गणी गोळा करणं, मोर्चाला माणसं काढणं, तहसील कचेरीत अर्ज लिहून देणं आणि निवडणुकीच्या दिवशी बूथवर बसणं हे त्यांचं काम. पक्ष ज्याच्या खांद्यावर उभा असतो आणि ज्याचं नाव पक्षाच्या इतिहासात येत नाही, असा हा माणूस.

त्या भागात असा माणूस घडणं स्वाभाविक होतं. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. अलिबागजवळच्या चरी गावात खोतांच्या विरोधात कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला आणि जमिनी पडीक ठेवल्या. त्या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ सुरू केलं. १९४७ मध्ये शेतकरी कामगार पक्ष निघाला, तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, त्याला नव्यानं जमीन नांगरावी लागली नाही. तात्यांचे वडील खोताचं कूळ होते. तात्या पक्षात आले तेव्हा विशीत होते, आणि त्यांचे सगळ्यात जुने कागद पन्नाशीच्या दशकातले आहेत.

ती पहिल्यांदा गेली तेव्हा घरच्यांनी मदत म्हणून आधीच दोन ढीग करायला घेतले होते. एक पक्षाचा, एक घरचा. पक्षाचा ढीग एखाद्या संस्थेला द्यायचा, घरचा जाळायचा, असं ठरलेलं. तिनं हात जोडून ते थांबवलं. अर्ध्या माळ्याला अजून हात लागलेला नव्हता, तेवढ्याचे तिनं आधी फोटो काढले. कुठलं गाठोडं कुठल्या पेटीवर होतं, कशात काय खुपसलेलं होतं, सगळं. दप्तर लावणारा माणूस कागद वाचायच्या आधी कागदांची जागा टिपून घेतो, कारण कागद ज्यानं ठेवले त्यानं ते काही विचारानं ठेवलेले असतात. एकदा ते हलले की तो विचार परत मिळत नाही.

घरच्यांची विभागणी किती निरुपयोगी होती ते तिला एका टाचणीनं दाखवलं. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीच्या गाठोड्यात भाड्याच्या जीपची पावती होती. तिच्यामागे त्याच टाचणीत सराफाची गहाणाची पावती होती, पाटल्यांची जोडी. पहिली पावती पक्षाच्या ढिगात गेली असती, दुसरी घरच्या. दोन्ही वेगळ्या पडल्या असत्या तर जीपचं भाडं कुठून आलं हे जगातल्या कुठल्याही कागदावरून कळलं नसतं.

त्यात कामाची एक खरी पंचाईत होती. टाचणी गंजलेली. उरणच्या खाऱ्या हवेत लोखंड कागदात उतरतं, तपकिरी डाग पडतो आणि काही वर्षांनी तेवढा कागद भुगा होऊन गळतो. त्यामुळे गंजलेल्या टाचण्या, क्लिपा, स्टेपल काढायचेच, हा दप्तराच्या कामातला पहिला नियम. पण हे दोन कागद एकमेकांचे आहेत याचा पुरावा म्हणजे तीच टाचणी. तिनं आधी फोटो घेतला, मग पातळ पट्टी खाली सरकवून टाचणी सोडवली. दोन्ही पावत्या मध्ये कोरा कागद घालून एका पाकिटात ठेवल्या आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं : मूळ एकाच टाचणीत. अशा कामात पेन वापरत नाहीत. शाई पसरते, पेन्सिल खोडता येते.

संध्याकाळी तिनं तात्यांच्या बायकोला विचारलं, “आजी, पाटल्या सुटल्या का मग?”

“सुटल्या बाय. दोन भातं निघाल्यावर.” एवढं बोलून आजी आत गेल्या. नंतर चहा घेऊन आल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, “ती एकच वेळ नव्हती.”

त्यानंतर तिनं आजींना रोज तासभर शेजारी बसवून घेतलं. हे आधीच सुचायला हवं असं वाचणाऱ्याला वाटेल, पण आपल्याकडे कार्यकर्त्याच्या कागदांबद्दल विचारायचं झालं तर पक्षातल्या माणसाला विचारतात, घरातल्या बाईला नाही. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या. गाठोड्यांची फडकी त्यांनी बांधलेली, पावसाळ्याआधी ऊन दाखवलेलं त्यांनी, वाळवी लागली तेव्हा कडुलिंबाचा पाला घातलेला त्यांनी. सगळ्या माळ्यावरचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात जमिनीचं. जुन्या धोतरात मताचं. बिस्किटाच्या डब्यात जेलचं.

जेलचं म्हणजे आणीबाणीतलं. त्या डब्यात तात्यांनी तुरुंगातून पाठवलेली अंतर्देशीय पत्रं होती, प्रत्येकावर तपासणीचा शिक्का. राजकारणाचा शब्द नाही, तो असता तर पत्र घरी पोचलं नसतं. सगळं भाताच्या बियाण्याबद्दल, खारबांध फुटला का, मिठागरावरची मजुरी मिळाली का, धाकटीची शाळा सुरू झाली का. घरच्या ढिगातली वाटतील अशी ही पत्रं. आजींनी दाखवलं की बांधाबद्दलच्या वाक्यात ज्या माणसाला बोलवायला सांगितलंय त्याचा बांधाशी काही संबंध नव्हता, तो पक्षाचा शेजारच्या गावातला माणूस होता. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. आजी गेल्या असत्या तर ते बांधाचंच पत्र राहिलं असतं.

तारीख नसलेले कागद हा या कामातला वेळ खाणारा भाग, पण तिला तोच फार आवडतो. तालुक्याच्या कार्यकर्त्याला पत्रकावर साल छापायची गरज वाटत नाही, “येत्या रविवारी प्रचंड जाहीर सभा” एवढं त्याला पुरतं. मग साल दुसरीकडून काढावं लागतं. विरोधी उमेदवाराची निशाणी बैलजोडी असेल तर पत्रक १९६९ च्या काँग्रेसफुटीआधीचं. गाय-वासरू असेल तर १९७१ पासून पुढच्या काही वर्षांतलं, हाताचा पंजा असेल तर १९७८ नंतरचं. पावतीवर ‘नये पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ ते १ जून १९६४ या काळातली शक्यता मोठी. पोस्टकार्डावर पिनकोडची जागा असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं कार्ड. लेटरहेडवर जिल्हा कुलाबा असेल तर बहुधा १९८१ च्या आधीचं, कारण त्या वर्षापासून जिल्ह्याचं नाव रायगड झालं. बहुधा एवढ्यासाठी की, जुने छापील कागद संपेपर्यंत वापरायची पद्धत त्या घरात होती. पत्रकाच्या तळाची छापखान्याची ओळही ती सोडत नाही. कोणता छापखाना कोणत्या साली कुठे होता हे एकदा जुळलं की दहा कागद एकदम जागेवर बसतात.

आणि मग जमिनीचं गाठोडं.

१९७० मध्ये नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी सिडको स्थापन झाली. पुढे न्हावा-शेवा बंदर आलं. तात्यांच्या आयुष्यातली पुढची वीस वर्षं यातच गेली आणि त्यांचे निम्म्याहून अधिक कागद याचेच आहेत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या कलम ४ च्या अधिसूचना, कलम ९ च्या नोटिसा, निवाड्याच्या नकला, सातबारे, फेरफार, वारसांच्या नोंदी. सगळे दुसऱ्यांचे कागद, तात्यांची स्वतःची जमीन त्यात फार थोडी.

त्यात तिला कार्बन घालून काढलेल्या एकाच मजकुराच्या प्रतींचा गठ्ठा मिळाला. अक्षर तात्यांचं, नाव आणि गट नंबर मात्र दर प्रतीवर वेगळा. मजकूर दोन ओळींचा : मोबदल्याची रक्कम कमी असल्यानं ती हक्क राखून, हरकत नोंदवून स्वीकारत आहे. या दोन ओळींचं मोल कायदा वाचल्याशिवाय कळत नाही. त्या कायद्यात वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली कोर्टात जाता येत असे. पण कलम ३१ मध्ये अशी अट होती की ज्यानं हरकत न नोंदवता पैसे उचलले त्याला कलम १८ चा अर्जच करता येणार नाही. मुदतही आखूड. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहा आठवडे. नसलेल्याला नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. ज्या माणसाला चेक म्हणजे काय हे पहिल्यांदाच कळत होतं, त्यानं अंगठा देण्याआधी या दोन ओळी जोडल्या की नाही, यावर त्याच्या पुढच्या पिढीचे पैसे ठरणार होते.

तात्या हे गावोगाव फिरून करत होते. पक्षाच्या भाषणांत साम्राज्यशाही होती, भांडवलशाही होती, आणि ती भाषणंही गाठोड्यात आहेत, टाचणांसकट. पण तिचं स्वच्छ मत असं झालं की त्या माणसाचं राजकारण बघायचं तर भाषणांपेक्षा हा कार्बनचा गठ्ठा बघावा. पक्षावर त्या गावांचा विश्वास कशानं बसला याचं उत्तर तिथे आहे. तालुका समितीच्या इतिवृत्तात ते सापडत नाही. इतिवृत्तात “चर्चा झाली, ठराव एकमताने मंजूर” एवढंच दर वेळी. खरी भांडणं चिठ्ठ्यांमध्ये आहेत, सभेत एकमेकांना सरकवलेल्या, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहिलेल्या. त्याही तात्यांनी ठेवल्या होत्या.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात बंदरासाठीच्या भूसंपादनाविरोधातल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील, जासईचेच. पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना १९९० मध्ये आली तिची मुळं त्या दोन दिवसांत आहेत, हे उरणमधलं शाळकरी पोरही सांगेल. त्या दिवसांबद्दल तात्यांच्या कागदांत काय असेल याची तिला उत्सुकता होती आणि थोडी भीतीही. तात्यांची त्या वर्षाची डायरी पहिल्या आठवड्यानंतर कोरी आहे. पत्रकं आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, पण ती कुठेही मिळतील.

जे मिळालं ते आजींच्या किराणावहीत. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही, दुकानातली उधारी लिहायची. एरवी आठवड्याला अर्धा किलो साखर आणि चहापुडीचा एक पुडा नेणारं घर. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून साखर रोज, चहापूड रोज, तांदूळ घरचा संपून दुकानातून आणलेला, रॉकेल दुप्पट. सोळा तारखेला काडेपेट्या, मेणबत्त्या. सतराच्या जागी काही नाही. अठरा तारखेपासून पुन्हा चहा-साखर, आधीपेक्षा कितीतरी जास्त. दुकानदारानं पुढे बाजूला अडीच महिन्यांनी बाकी मिटल्याची खूण केली आहे. लोक कधीपासून जमू लागले, त्या घरात किती माणसं राहून जेवली, नंतर किती दिवस माणसांची ये-जा होती, हे सगळं त्या उधारीत आहे. आंदोलनाचा शिधा कुणी पुरवला, याचा हिशेब पक्षाच्या कुठल्याही जमाखर्चात नाही. तिनं ती वही घरच्या कागदांत ठेवली नाही. जमिनीच्या गाठोड्याच्या यादीत तिची नोंद केली आणि नोंदीत लिहिणारीचं नाव घातलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात भूसंपादन कायद्यात दुरुस्ती झाली. दिलासा रक्कम पंधरा टक्क्यांवरून तीस टक्के झाली आणि कलम २८-क आलं : त्याच अधिसूचनेतल्या एका शेतकऱ्याला कोर्टानं वाढीव दर दिला तर कलम १८ चा अर्ज न केलेल्या बाकीच्यांनाही तीन महिन्यांत तो दर मागता येऊ लागला. तात्यांच्या कागदांत त्या कलमाची हातानं केलेली मराठी नक्कल आहे आणि खाली पंधरा-सोळा गावांची नावं, काहींसमोर बरोबरची खूण.

सगळेच कागद उघडे करण्यासारखे नाहीत, आणि यावर घरच्यांशी तिची बरीच बोलणी झाली. मतदारयाद्यांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. कोण आपला, कोण त्यांचा, कोण काठावरचा, कोणत्या भावकीत फूट आहे, कुणाला कुणाच्या घरून निरोप पाठवावा. निवडणुकीचं तंत्र शिकायला याहून चांगलं साधन नाही. पण ती माणसं किंवा त्यांची मुलं आज त्याच गावात राहतात. निनावी तक्रारी आहेत, ज्यांचं अक्षर गावात कुणीही ओळखेल. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचे अर्ज आहेत, दवाखान्यात खाट मिळावी म्हणून केलेल्या विनंत्या आहेत, त्यांत आजारांची नावं आहेत. हे लोक तात्यांकडे विश्वासानं आले होते, अभ्यासकांकडे नाही. तिनं या कागदांची पाकिटं वेगळी बांधली, यादीत फक्त प्रकार आणि साल लिहिलं आणि ती किती वर्षं बंद राहतील ते कुटुंबाकडून लेखी घेतलं. काहींना हा अतिरेक वाटला. तिला तो वाटत नाही. या एका गोष्टीत सवलत दिली तर पुढच्या घरातले लोक कागद दाखवायच्या आधी जाळतील आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

उलट जमिनीचे कागद दडवून चालत नाही. यादी होत असतानाच गावात कळलं आणि माणसं दारात येऊ लागली. आजोबांच्या नावाचा निवाडा आहे का, आमचा गट नंबर लागतो का, चुलत्यानं वारस म्हणून आमचं नाव वगळलंय, त्या वेळचा काही कागद? तिनं गावनिहाय, गटनिहाय वेगळी सूची केली ती यासाठीच. त्यातल्या काहींना हवी ती नक्कल मिळाली.

यादी पूर्ण झाल्यावर एका मोठ्या संस्थेकडे विचारणा केली तेव्हा पहिला प्रश्न आला, हे कोण होते? नेत्यांचे कागद आम्ही घेतो, असं सौजन्यानं सांगण्यात आलं. या वृत्तीचा तिला मनापासून राग आहे. महाराष्ट्रात कागदांची कदर नाही असं कुणी म्हणू नये. वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून दप्तरं शोधत फिरले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढत गेले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्या दप्तरांतही पानिपतच्या पत्रांशेजारी धान्याचे हिशेब होते, सावकाराचे तगादे होते, आणि त्याच हिशेबांवर पुढच्या अभ्यासकांनी पेशवाईतलं जगणं उभं केलं. मोडीतला गहाणखताचा कागद आपण काचेखाली ठेवतो. बॉलपेननं लिहिलेली पाटल्यांची पावती मात्र रद्दी ठरते. सरकारची बाजू सरकारी दप्तरात सुरक्षित आहे, अधिसूचना, पंचनामे, निवाडे, सगळं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची बाजू कुणाच्या तरी माळ्यावर आहे, आणि ते माळे आत्ता, याच वर्षांत पाडले जात आहेत.

तात्यांचे कागद सध्या घरातच, नव्या इमारतीतल्या फ्लॅटच्या एका कपाटात आहेत. लोखंडी कपाट, भिंतीपासून हातभर पुढे, तळाला विटा, आत सुती फडक्यात बांधलेली पुठ्ठ्याची खोकी. डांबरगोळ्या थेट कागदाला लागणार नाहीत अशा ठेवल्या आहेत. फाटलेल्या कागदांना चिकटपट्टी लावलेली नाही, कारण तिचा डिंक पुढे पिवळा पडून अक्षर खातो. लॅमिनेशन तर कशालाच नाही, ते परत निघत नाही. यादीच्या प्रती तीन ठिकाणी आहेत.

ज्यांच्या घरात असा माणूस होता, पक्ष कुठलाही असो, लाल, भगवा, निळा की तिरंगी, त्यांना तिचं सांगणं थोडं आहे. कागद निवडू नका, घरचे आणि पक्षाचे असे वेगळे करू नका. हलवण्याआधी फोटो काढा. घरातली जी बाई ते गाठोडं बांधत आली तिला शेजारी बसवा आणि ती काय सांगते ते फोनवर रेकॉर्ड करा, हे काम कागद साफ करण्याच्याही आधी करा. कागद कुणाला द्यायचे नसतील तर देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. यादी मात्र करा आणि तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.